लाखोळीतला रणगाडा

पट्टा उतरला की मला जेवण जात नाही. बायको म्हणते, घरातलं माणूस तापाने फणफणलं तरी तुमचा एवढा जीव खालीवर होत नाही. खरं आहे ते. माणसासाठी डॉक्टर आहे. माझ्या रणगाड्याचा डॉक्टर धानाच्या मुलखातल्या या गोरेगावात मीच आणि कंपाउंडरही मीच.

रणगाडा म्हणजे तसं खेळणंच, पण शोकेसमध्ये ठेवायचं नव्हे. खऱ्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा. तोफेची नळी धरून साडेचार फूट लांब आणि वजनाला असा की दोघांनी कण्हत उचलावा. पोटात दोन मोटारी, दोन बॅटऱ्या, आणि रिमोट माझ्या हातात. मी राइस मिलमध्ये फिटर आहे, त्यामुळे त्याचं निम्मं अंग मिलच्या भंगारातलं. एलिव्हेटरची जुनी चेन, बेअरिंगं, पत्र्याचे उरलेले तुकडे. धानाचं टरफल काढणारे रबरी रोल झिजले की मालक ते कोपऱ्यात टाकतो. त्यांचं रबर कापून मी चाकांवर चढवलं. पट्ट्याची एकेक कडी हाताने कापली, भोकं पाडली, पिना ठोकल्या. दोन्ही बाजूंच्या मिळून दोनशेच्या आसपास कड्या. सगळं जमायला तीन वर्षं गेली.

कशासाठी, असं बरेच जण विचारतात. फोनवर एकदा परदेशातल्या लोकांचा व्हिडिओ पाहिला. माझ्याच वयाची, टक्कल पडलेली माणसं चिखलातून असले रणगाडे चालवत होती आणि पोरांसारखी हसत होती. त्या रात्री झोप लागली नाही. माझा स्वभावच मेला असा आहे. हात रिकामे राहिले की शिवशिवतात आणि कुठे मोकळी जागा दिसली की तिथे जाऊन काहीतरी करावंसं वाटतं. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी लावून देवाने खाली सोडलं.

बाहेर चालवायचा म्हणजे अर्धा तास चालवणं आणि तीन तास धुणं-पुसणं. माती कड्यांमध्ये वाळली की सिमेंट होते, मग दुसऱ्या दिवशी पिना हलत नाहीत. म्हणून घरी येईपर्यंतही थांबायचं नाही, जिथे चालवला तिथेच ब्रश घेऊन बसायचं. धानाच्या काड्यांचं तणस दातेरी चाकाला गुंडाळतं, ते चिमट्याने ओढून काढायचं. मग ग्रीस. मग पट्ट्याचा ताण. मधोमध अंगठ्याने दाबून पाहायचा, दोन बोटं खाली गेला पाहिजे. जास्त गेला तर वळणावर उतरतो, कमी गेला तर मोटार तापते. हे दोन बोटांचं गणित मला कधी एकदाच साधलं आणि टिकलं असं झालं नाही. दर वेळी पुन्हा पाना घ्यावा लागतो.

अडचण जागेची होती. मिलच्या आवारात ट्रकांची ये-जा. शाळेच्या मैदानावर चौकीदार. रस्त्यावर काढला तर आठवडी बाजार उठून माझ्यामागे लागायचा. ‘भैया, कितने का है? बेचोगे क्या?’ लोक हिंदीत विचारायचे, मी मराठीत चिडायचो. मला उंचसखल, मोकळी जमीन हवी होती, आणि ती होती माझ्या भावाकडे.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. त्याने शाळा सोडली आणि नांगर धरला, म्हणून मी आयटीआयपर्यंत पोचलो. गोरेगावपासून गाव अर्ध्या तासावर. तो अजून तिथेच आहे, त्याच घरात, त्याच शेतात. गावचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला असं सांगतात. खरंखोटं त्यांना माहीत, पण भाऊ तो तलाव कालच आपण खोदल्यासारखा वागतो. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर फिरून खेकड्यांची बिळं बुजवतो. पाळीला किंवा शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, कुणी कुदळ लावलेली त्याला खपत नाही. हार्वेस्टरला बांधीत, म्हणजे धुऱ्याने घेरलेल्या धानाच्या वाफ्यात, उतरायला धुरा फोडावा लागतो, म्हणून त्याच्या शेतात हार्वेस्टर नाही. आजही धान विळ्याने कापतो आणि चिखल करायला हल्यांची जोडी ठेवतो. हल्या म्हणजे रेडा. गावात आता फार थोड्यांकडे ती राहिली आहे.

भाऊ कमी बोलतो. माझा रणगाडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याने त्याच्याभोवती एक चक्कर मारली, पट्ट्याला हात लावला आणि विचारलं, ‘चालते का?’ चालते म्हटलं. ‘बरं,’ म्हणाला. मला ते भरपूर होतं.

त्या वर्षी धानकापणी उरकली. कडपा, म्हणजे कापून आडवं टाकलेलं धान, उचलून त्याचं पुंजणं रचलं आणि बांध्या मोकळ्या झाल्या. मला आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं. रविवारी मालवाहू ऑटोत रणगाडा चढवला आणि थेट शेत गाठलं. भाऊ वहिनीला घेऊन तिच्या माहेरी गेलेला, दुपारपर्यंत येणार होता. थांबायला हवं होतं. पण आपल्याच घरची बांधी, त्यात विचारायचं काय?

काय सांगू त्या सकाळचं! जमीन आतून ओलसर, वर घोट्याएवढी धसकटं. रणगाडा धुऱ्यावर चढायचा, वरती क्षणभर डुलायचा आणि नाक खाली घालून पलीकडे उतरायचा. मी त्याला जागच्या जागी गिरक्या घ्यायला लावल्या. एक पट्टा पुढे, दुसरा मागे. माती दोन्ही बाजूंना उडत होती. तीन बांध्या मी पालथ्या घातल्या. पट्टा एकदाही उतरला नाही. बॅटरी उतरत येईपर्यंत दोन तास मी एकटाच मोठमोठ्याने हसत होतो, हे आता लिहितानाही लाज वाटते.

मग तलावाच्या कडेला नेऊन धुवायला बसलो. ब्रशने पहिली कडी घासली तर मातीबरोबर काहीतरी हिरवं निघालं. गवत असेल म्हणून पुढची घासली. तिच्यातही हिरवं. तिसरीतही. चिमट्याने ओढून तळहातावर घेतलं. बोटभर नाजूक रोप, पातळ लांबट पानं, मुळाला चिकटलेली फुटकी डाळ. मला ओळखू आलं होतं, तरी मी एक पान तोंडात घातलं. लाखोळीच होती.

आमच्याकडे धान कापलं म्हणजे शेत मोकळं झालं असं नसतं. धान उभं असतानाच, कापणीच्या पंधरा दिवस आधी, त्याच्या पायाशी लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. उरल्यासुरल्या ओलीवर ती उगवते. कापणी होते तेव्हा ती धसकटांच्या आड बोटभर झालेली असते. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. हे बाहेरच्या माणसाला माहीत नसणं समजू शकतं. पण मी? कमरेला ओटी बांधून, बोटांच्या फटींतून दाणे सोडत मी स्वतः त्या बांध्यांमध्ये लाखोळी फेकलेली आहे. मूठ कशी सैल सोडायची ते भावानेच मला माझा हात धरून शिकवलं होतं.

मी वर पाहिलं. भाऊ धुऱ्यावर उभा होता. किती वेळ झाला होता कुणास ठाऊक. त्याने तिन्ही बांध्यांवरून नजर फिरवली, उखडलेल्या गिरक्या पाहिल्या आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

‘बांधी रिकामी दिसली काय रे तुले?’

एवढंच बोलला. आवाज चढला नाही, शिवी नाही. वळला आणि घरी निघून गेला. मी ओला ब्रश हातात घेऊन तिथेच बसलो होतो. त्याने चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं बंद केलं. फोन केला की वहिनी उचलायची. ‘आहेत जी, गोठ्यात गेले.’ घरी गेलो की तो हळूच उठून गोठ्यात जायचा. तिथून त्याचा आवाज यायचा. हल्यांशी बोलायचा तो, चांगलं लांबलचक बोलायचा. मी ओसरीवर चहा पीत ते ऐकायचो.

माफी मागायची तर ती कशी मागतात हे आमच्या घरात कुणी शिकवलंच नाही. आम्ही भांडतो आणि मग कामाला लागतो, काम करता करता भांडण विरून जातं. पण इथे भांडणच झालं नव्हतं, तर विरणार काय? मी हिवाळाभर रणगाडा खोलत होतो आणि जोडत होतो. चांगला असलेला गिअरबॉक्स खोलला. चांगल्या पिना बदलल्या. बायको म्हणाली, ‘त्यानं काय बिघडवलं तुमचं? भावाकडे जा ना.’ मी तिच्यावर खेकसलो. मिलमध्येही खेकसायचो. मला एकच भीती होती, ती अजूनही सांगवत नाही. भाऊ साठीच्या पुढे गेलेला. आणि त्याचं माझ्याशी शेवटचं वाक्य तेच राहिलं तर?

फाल्गुनात दर वर्षीसारखं लाखोळीच्या डाळीचं पोतं एसटीने आलं. तोंड त्याच गाठीने बांधलेलं, भावाच्या हातची गाठ. निरोपाचा एक शब्द नव्हता. बायकोने त्या डाळीचे वडे तळले. मी एक तोंडात घातला आणि तो घशाखाली उतरेना. पाणी पिऊन गिळला आणि मागच्या अंगणात जाऊन पट्ट्याचा ताण पाहत बसलो.

मग माझ्या डोक्यात ती अक्कल आली. रणगाड्याने नुकसान केलं ना, तर रणगाडाच भरपाई करील. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या डोक्यावरून बांधीत पोचवाव्या लागतात. भावाची मान दुखते हे वहिनी बोलली होती. मी पत्र्याचा मोठा तसराळ्यासारखा ट्रे बनवला, खालून गुळगुळीत, आणि रणगाड्यामागे जोडला. पेंढ्या त्यात टाकायच्या, रणगाडा ओढत नेईल. मिलच्या आवारात वाळूची पोती भरून पाहिलं, झकास चाललं. मिलचं आवार म्हणजे सिमेंट काँक्रीट, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

जुलैत रोवणीच्या ऐन दिवशी मी तो घेऊन हजर झालो. भाऊ पलीकडच्या बांधीत हल्यांनी चिखल करत होता. रोवणाऱ्या बाया ओळीने वाकलेल्या. मी ट्रे पेंढ्यांनी भरला आणि रिमोटची कांडी पुढे ढकलली. रणगाडा मोठ्या ऐटीत धुऱ्यावर चढला, डुलला, उतरला आणि चिखलात बसला. पट्टे फिरत होते, तो मात्र खालीच जात होता. मी आणखी जोर दिला. गाळ वर, रणगाडा खाली. शेवटी तोफेची नळी तेवढी वर उरली.

बायांच्या कंबरा सरळ झाल्या.

‘काऊन गा भाऊ, तुमचा लोखंडी हल्या लोळून राहिला काय?’ एकजण म्हणाली.

‘लोळू दे ना वं, गरमी होऊन राहिली असन त्याले,’ दुसरी म्हणाली, आणि मग सगळी बांधी हसत सुटली.

मी गुडघाभर चिखलात उभा राहून ओढत होतो. हलेना. इतक्यात मागे पाणी डचमळलं. भावाने जोडी आणली होती. त्याने काही न विचारता दोर घेतला, चिखलात हात घालून रणगाड्याच्या पुढच्या हुकाला चाचपून बांधला आणि हल्यांना म्हणाला, ‘चाल.’ जोडी सरकली. ‘फिर, फिर,’ जोडी वळली. ‘हो,’ जोडी थांबली. रणगाडा धुऱ्यावर आला होता, त्याच्यातून चिखलाचं पाणी गळत होतं. हल्यांना धुताना मारतो तसं भावाने त्याच्यावरही दोन ओंजळी पाणी मारलं. मग जोडी घेऊन परत गेला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

पाणी दोन्ही मोटारींत शिरलं होतं, कंट्रोलर जळला होता. तो मागवून, बसवून, सगळं कोरडं करून जोडायला भादवा उजाडला. रणगाडा ठणठणीत झाला. मी त्याच्यावर ताडपत्री टाकली आणि चारी बाजूंनी दोरी आवळली. चालवायचं मनच होईना. तरी रोज संध्याकाळी दोरी सोडायचो, पट्टा दाबून पाहायचो, पुन्हा दोरी बांधायचो. या चाळ्याला काय म्हणावं?

धान पिकलं, कापणी उरकली. एक दिवस मिलमध्ये फोन वाजला. भावाचा नंबर. वहिनी असेल म्हणून उचलला.

‘गाडी घेऊन ये,’ भाऊच बोलत होता.

मी हातातला पाना खाली ठेवला. ‘कोनती गाडी?’

‘तुही ते लोखंडाची.’ आणि फोन बंद.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते विचारू नका. कशाला बोलावलं असेल? तलावात टाक म्हणेल? म्हणाला तर टाकायचा, मी ठरवून टाकलं. तरीही बॅटऱ्या भरून घेतल्या, पिना तपासल्या, ग्रीस भरलं. तलावात टाकायचा तर ग्रीस कशाला, हे बायकोने विचारलं. मी ग्रीसचा डबा घट्ट बंद केला.

शेतावर पोचलो. या वेळी ऑटोतून उतरल्यावर मी आधी खाली वाकलो. धसकटांच्या आड लाखोळी बोटभर उगवली होती. पहिल्या बांधीत, दुसऱ्या, तिसऱ्या. सगळीकडे हिरवा पोपटी रंग खाली लपलेला. मी धुऱ्यावरूनसुद्धा जपून, पाऊल मोजत चाललो. भाऊ शेवटच्या बांधीजवळ उभा होता. ती पाळीला लागून असलेली, आमची सगळ्यात मोठी बांधी.

त्या बांधीतली धसकटं दिसतच नव्हती. धान अगदी जमिनीला टेकून कापलं होतं. एवढं खाली कापायचं म्हणजे दिवसभर कंबर मोडते. आणि माझ्या पायाशी धुरा नव्हता. जिथे धुरा असायचा तिथे दोन हात रुंद उतार होता. दोन्ही बाजूंनी माती टाकून, चोपून, घट्ट केलेला. कुदळ बाजूला पडली होती. आमच्या घराण्यात धुरा फोडलेला मी पहिल्यांदा पाहत होतो.

‘हे रिकामी हाये,’ भाऊ म्हणाला.

मी आत उतरलो. गुडघ्यावर बसून बोटांनी माती चाचपली. इथे, तिथे, पलीकडे. एक रोप नाही. त्याने या बांधीत लाखोळी फेकलीच नव्हती. मातीला ओल नव्हती; ती उडून जावी म्हणून पाणीही लवकर सोडून दिलं होतं. दर वर्षी आमच्याकडे येणारी डाळ बहुतेक याच बांधीतली. मला रडू आलं. चांगलं हुंदका फुटून आलं.

‘आता कायले रडतेस?’ भाऊ वैतागून म्हणाला. ‘सांगून तर राहिलो, लाखोरी नाही इथं. उतरव तुही गाडी.’

उतरवली. उतारावरून रणगाडा बांधीत गेला. मी एका हाताने डोळे पुसत होतो, त्यामुळे सुरुवातीला तो वेडावाकडाच चालला. भावाने चपला धुऱ्यावर काढल्या. मग तो खाली उतरला आणि रणगाड्याच्या मागे चालू लागला, नांगरामागे चालतो तसा, एक हात पुढे धरून. बांधीच्या टोकाशी पोचल्यावर म्हणाला, ‘फिर, फिर.’

मी कांडी वळवली. रणगाडा फिरला. भाऊही फिरला.

‘चाल.’ मी चालवला. ‘फिर.’ मी फिरवला. धुऱ्यावर उभा राहून मी भावाचं ऐकत होतो आणि तो रणगाड्याला सांगत होता. असं किती वेळ चाललं ते मला माहीत नाही. घड्याळ पाहायची मला आठवणच झाली नाही.

पाळीकडच्या कोपऱ्यात त्याने फिर म्हटलं आणि मी जरा जास्तच वळवला. कट्कन आवाज झाला. डावा पट्टा चाकांवरून सुटला आणि पसरून पडला.

‘हो,’ भाऊ म्हणाला. मी पाना घेऊन धावलो. भाऊ तिथेच उकिडवा बसून पट्टा बोटांनी चाचपत होता. ‘ढिला ठेवलास,’ तो म्हणाला. मी मान हलवली. दोन बोटांचं गणित पुन्हा चुकलं होतं. मी पाना लावणार तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

‘राहू दे. तुह्या वहिनीनं डबा आनला. पह्यले जेव.’

वहिनी धुऱ्यावर फडकं पसरून बसली होती. भाकरी, चटणी आणि मागच्या वर्षीच्या डाळीचे वडे. पट्टा तसाच बांधीत उतरून पडला होता. मी सात वडे खाल्ले.